टेबल जिथल्या तिथे

ऑफिसच्या दुरुस्तीचं परिपत्रक आलं तेव्हा खरं तर सगळ्यात जास्त आनंद आवक-जावकच्या वहिनींना व्हायला हवा होता. त्यांच्याच टेबलावर छताचा चुना पडायचा. आलेल्या टपालावर शिक्का मारायच्या आधी त्यांना फुंकर मारावी लागायची. पण परिपत्रक वाचून संपलं आणि त्यांनी ते पुन्हा पहिल्यापासून वाचलं. 'कामकाज बंद न ठेवता, एकेक दालन रिकामे करून' दुरुस्ती होणार होती. म्हणजे गवंडी आत आणि माणसंही आत. या खोलीतली टेबलं त्या खोलीत, त्या खोलीतली जिन्याखाली, आणि जिन्याखालच्यांनी कुठे जायचं ते त्यांचं त्यांनी बघायचं.

इमारत ऐतिहासिक होती, हे कौतुक बाहेरून फोटो काढणाऱ्यांना. आत बसणाऱ्यांना एवढंच माहीत होतं, की खिडकी लावायला दोन माणसं लागतात, पंखा इतका उंच टांगलाय की वारा खाली येईपर्यंत दमतो, आणि भिंतीवर कॅलेंडर लावायचं म्हटलं तरी परवानगीचा अर्ज करावा लागतो. माणूस आजारी पडला तर कोणी विचारत नाही, पण भिंतीला ओल आली की लांबून लांबून तज्ज्ञ यायचे. आता तर तिची सगळी दुखणी एकदम काढायची ठरली होती.

ऑफिस पाणीपुरवठ्याचं. गावभर जमिनीखालून गेलेल्या नळांचे नकाशे दुसऱ्या मजल्यावर काढायचे, आणि ते काढणारे ड्राफ्ट्समन म्हणजे दादा, वहिनींचे यजमान. आधी नोकरीला लागले ते. वयानं लहान असूनही सगळ्यांचे दादा झाले. पुढे लग्न झालं, परीक्षा देऊन त्याही याच ऑफिसात लागल्या, आणि पहिल्याच दिवशी शिपायापासून साहेबापर्यंत सगळ्यांच्या वहिनी होऊन बसल्या. त्यांचं खरं नाव आता पगारपत्रकापुरतं उरलं होतं.

परिपत्रक दोनदा वाचायचं कारण म्हणजे दादा. दादांना विसर पडत चालला होता. आधी चष्मा, किल्ल्या, शेजाऱ्यांची नावं. हे कुणाचंही होतं, म्हणून दोघांनी हसण्यावारी नेलं. मग एक दिवस ते घरातल्या कपाटाचं दार उघडून आत पाय टाकायला लागले, न्हाणीघर समजून. मग केव्हाच गेलेल्या आईला हाक मारली. रस्त्यात वहिनींनी हात सोडला की कोपऱ्यावर उभेच राहायचे, कोणीतरी पुढचं सांगेल म्हणून. सदऱ्याची गुंडी वहिनी लावून द्यायच्या.

आणि हाच माणूस दुसऱ्या मजल्यावर आपल्या टेबलाशी बसला की केसाएवढी बारीक रेघ अशी सरळ ओढायचा, की बघणाऱ्यानं श्वास धरावा. हाताला सगळं ठाऊक होतं. उजवीकडे पट्टी, समोर पेनं, डावीकडे खिडकी, टेबलाच्या कडेला शाईची बाटली, डाव्या खणात ट्रेसिंग पेपर. डोकं सोबत नसलं तरी हात बरोबर तिथे जायचा. डॉक्टर म्हणाले होते, "त्यांचं टेबल सुटू देऊ नका. रोजचं रोज चालू आहे तोवर हे असेच राहतील. घडी एकदा विस्कटली, की मी काही करू शकणार नाही." निवृत्तीला अजून अवकाश होता. परगावी असलेली लेक फोनवर म्हणायची, "आई, बाबांना घरीच ठेव ना आता." वहिनी म्हणायच्या, "घरी ठेवू म्हणजे काय गं? भिंतीकडे बघत बसवू?"

दादांच्या खोलीतल्या सगळ्यांना हे कळलं होतं आणि कोणी कधी बोललं नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. हेडक्लार्क दादांना फक्त जुन्या नकाशांच्या नकला काढायला द्यायचे आणि स्वतः दोनदा तपासायचे. तात्या शिपाई जेवणाच्या सुट्टीत सहज आल्यासारखा यायचा आणि "चला दादा, हात धुऊन येऊ" म्हणून बरोबर जायचा. माणसं एरवी एकमेकांच्या रजेवरून भांडायची, खुर्चीच्या गादीवरून अबोला धरायची, पण या एका बाबतीत कुणी ताकास तूर लागू दिली नाही.

दादांना घड्याळ वाचता येईनासं झालं होतं. पण त्यांची खिडकी मावळतीची. दुपार कलली की ऊन आत यायचं, फरशीवरून सरकत टेबलावर चढायचं, आणि शाईच्या बाटलीला लागलं की दादा पेनं पुसायचे, बाटलीचं बूच घट्ट करायचे, खुर्चीवरचा कोट अंगात घालून जिना उतरायचे. खाली मोठ्या दालनात, जिन्याच्या अगदी पायथ्याशी, वहिनींचं टेबल. त्याच्यावर दोन बोटं टेकवून म्हणायचे, "चल गं, झालं." सगळी नोकरी हे असंच चाललं होतं. आता ते सूर्यावर चालतंय हे फक्त वहिनींना माहीत होतं.

दुसऱ्या मजल्याची पाळी आली. समोरची खोली दुरुस्त होऊन तयार होती आणि या खोलीतल्यांनी तिकडे जायचं होतं. वहिनींनी सुट्टीच्या दिवशी तात्याला बोलावलं, कंत्राटदाराच्या मुकादमाला गळ घातली, आणि दादांचा कोपरा उचलून जसाच्या तसा समोर नेऊन मांडला. आधी जुन्या खोलीत मापं घेतली. टेबलापासून भिंत किती, खुर्चीपासून कपाट किती, खिडकी डाव्या हाताला किती लांब. मग नव्या खोलीत खडूनं खुणा करून एकेक वस्तू ठेवली. पेनांचा पेला ज्या बाजूला झुकलेला होता त्याच बाजूला झुकवला.

"वहिनी," तात्या कमरेवर हात ठेवून म्हणाला, "ही इमारत बांधणाऱ्यानं सुद्धा इतकं मोजलं नसेल."

"त्याचा नवरा नव्हता ना बसणार इथं."

सोमवारी दादा जिना चढून आले आणि सवयीनं उजवीकडे वळायला गेले. वहिनींनी कोपर धरलं. "आज इकडून हं." ते आले. दारात थांबले. नव्या रंगाचा वास त्यांना खटकला असावा. मग खुर्ची दिसली, ते बसले, आणि हात जाऊन पेनावर पडला. वहिनी खाली आल्या आणि टपालाच्या गठ्ठ्याआड तोंड लपवून पोटभर रडल्या. समोर उभ्या असलेल्या माणसानं विचारलं, "बाई, कुणी वारलं का?" त्यांनी डोळे पुसून त्याच्या पाकिटावर शिक्का मारला.

सगळं सुरळीत चाललं. इतकं सुरळीत, की वहिनींना वाटलं आपण जिंकलो. इमारतीच्या त्या अंगाला बांबूंची परांची बांधलेली होती आणि तिच्यावर वरपासून खालपर्यंत हिरवी जाळी. खोलीत दिवसभर सारखाच हिरवट अंधार. ऊन नाही, म्हणून सुटायची वेळही नाही. संध्याकाळी वहिनी स्वतः वर जायच्या आणि दादांना घेऊन यायच्या. लेकीला फोनवर म्हणाल्या, "बघ, मी म्हटलं नव्हतं? माणसाला त्याची जागा दिली की माणूस राहतो." आवाजात जरा टेंभाही होता. बाईनं इतकी वर्षं सोसलं होतं, तेवढा चालायचाच.

मग त्या अंगाचं काम संपलं आणि जाळी उतरली. खोलीत लख्ख उजेड पडला. लोक एकमेकांना म्हणाले, अरे, तुझे केस इतके पिकले कधी? वहिनीही कौतुकानं वर जाऊन बघून आल्या. खाली येऊन सकाळचं टपाल फोडतात न फोडतात, तोच टेबलावर दोन बोटं टेकली. दादा कोट घालून उभे.

"चल गं, झालं."

"अहो, आत्ता तर आलो आपण."

दादा हसले. बायको थट्टा करते आहे असं वाटून हसतात तसे. "ऊन आलं की," ते म्हणाले.

वहिनी त्यांना घेऊन वर गेल्या. शाईच्या बाटलीवर कोवळं, स्वच्छ ऊन पडलं होतं. दार, भिंत, कपाट, पेला, सगळं जिथल्या तिथे होतं, आणि खिडकी उगवतीची होती.

"सगळं मोजलं हो आपण," तात्या हळूच म्हणाला. "पूर्व-पश्चिम बघायचं राहिलं."

टेबल फिरवून बघितलं तर दादांचा हात पेनाऐवजी हवेत जाऊ लागला. म्हणून परत तसंच ठेवलं. पडदा लावायला गेले तर दुरुस्तीवर देखरेख करणाऱ्या आर्किटेक्ट बाई धावत आल्या. त्या चौकटीला हातसुद्धा लावायचा नाही, मूळचं लाकूड आहे. शेवटी वहिनींनी रद्द झालेले नकाशे घेऊन काचांना आतून चिकटवले. आर्किटेक्ट बाईंना सांगितलं, यजमानांच्या डोळ्यांना उजेड सोसत नाही. बाई वाईट नव्हत्या. म्हणाल्या, "राहू द्या. पण जुन्या वास्तूंच्या समितीची पाहणी असेल त्या दिवशी काढावेच लागतील. मी आधी कळवीन."

आणि त्यांनी कळवलंही. इथे कुणाचं काही चुकलं नाही, हेच वाईट. एखादा नतद्रष्ट सापडला असता तर त्याच्या नावानं बोटं तरी मोडता आली असती.

पाहणीच्या दिवसाची वहिनींनी आठवडाभर आधीपासून तयारी केली. कागद निघाले की दादा पेनं पुसायला लागणार, हे धरूनच चाललं होतं. तात्यानं सकाळभर दादांच्या शेजारी स्टूल टाकून बसायचं आणि ते उठले की गप्पांत गुंतवायचं, असं ठरलं. हेडक्लार्कांनी दादांना आवडेल असा एक किचकट नकाशा बाजूला काढून ठेवला. वहिनींनी जाताना नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं, "मी खालीच आहे हं." आणि त्या खाली गेल्या.

आता याला काय म्हणावं? ज्या बाईनं पेनांचा पेला कुठल्या बाजूला झुकतो तेही मोजलं, तिच्या हे ध्यानातच आलं नाही की त्याच दिवशी खालच्या दालनाची पाळी होती. म्हणजे माहीत होतं. टपालाचे गठ्ठे तिनंच बांधले होते, शिक्के तिनंच खोक्यात भरले होते. मागच्या अंगाला, कोठारापलीकडच्या खोलीत आपल्याला जायचंय, हे तिला पाठ होतं. पण ते आपलं टेबल म्हणून. दादांचं टेबल सांभाळता सांभाळता आपलं टेबलही त्यांचंच आहे, हे तिला सुचलं नाही.

तिचं कपाट हलेना, म्हणून मुकादमानं आणखी एक माणूस मागितला. हेडक्लार्कांनी वरून तात्याला हाक मारली. "जा, वहिनींचंच कपाट आहे. मी बघतो दादांकडे." तात्या गेला. तेवढ्यात समिती आली, आणि साहेबांनी हेडक्लार्कांना जिन्याशी बोलावून घेतलं.

मागच्या खोलीत वहिनी खोकी उघडत होत्या. कपाट जागेवर बसवून तात्या वर गेला आणि तसाच धावत परत आला.

"वहिनी, दादा आले का तुमच्याकडे?"

"माझ्याकडे कुठे? ते तर..." एवढं बोलून वहिनींनी आजूबाजूला पाहिलं. कोठाराची भिंत, अनोळखी खिडकी. त्यांनी हातातला शिक्का खोक्यात टाकला.

मोठ्या दालनाला प्लास्टिकच्या कनाती लावून ते बंद केलं होतं. आतली फरशी उखडत होते. आवाजानं कान फुटत होते. तिथे पाऊल ठेवायलाही जागा नव्हती, म्हणून तिथे कोणी बघितलंच नाही. वहिनी तडक रस्त्यावर गेल्या. बसथांबा पाहिला, औषधाचं दुकान पाहिलं, लग्नानंतर जिथे भाड्यानं राहिले होते त्या गल्लीत जाऊन दारं वाजवली. घरी गेल्या, दाराला कुलूप होतं तसंच होतं. शेजारीण म्हणाली, "येतील हो, जातात कुठे?" लोक धीर द्यायला लागले की काय काय बोलतात. वहिनी रस्त्यानं चालत होत्या आणि कोट घातलेल्या प्रत्येक माणसाकडे बघत होत्या.

दुपार उलटल्यावर त्या ऑफिसात परत आल्या. हेडक्लार्क दारातच उभे होते. त्यांचा चेहरा पडला होता.

"वहिनी, माझी चूक झाली."

"तुमची कसली चूक."

"पण आता वर सांगावं लागेल. साहेबांनी विचारलं, माणूस गेला कुठे, का गेला. मी किती झाकू?" त्यांनी वहिनींना आत यायला वाट दिली. "साहेब म्हणतात, सापडले की उद्यापासून रजेवर. निवृत्तीपर्यंत."

वहिनींनी मान हलवली. सकाळी हेच ऐकलं असतं तर त्यांनी आकाशपाताळ एक केलं असतं. आता त्यांना फक्त माणूस हवा होता.

तेवढ्यात कनात बाजूला करून मुकादम बाहेर आला, धुळीनं पांढराफटक. "साहेब, ते समितीचे एक जण सकाळपासून आत बसलेत. जेवलेही नाहीत. त्यांचं बघून झालं का विचारा ना. ते बघतायत म्हणून माझी माणसं बिडीसुद्धा ओढेनात."

वहिनी आत धावल्या.

फरशी निघून खाली माती उघडी पडली होती. जिन्याच्या पायथ्याशी कोणीतरी बादली पालथी घालून दिली होती, तिच्यावर दादा बसले होते. कोट अंगात नीट घातलेला. केसांवर, भुवयांवर, खांद्यांवर धूळ. हात मांडीवर ठेवून ते समोरच्या मोकळ्या मातीकडे बघत होते. टेबल तिथेच तर असायचं.

"अहो," वहिनी म्हणाल्या. त्यांना धाप लागली होती. "अहो, इथे बसलात होय. मी गावभर..."

दादांनी वर पाहिलं. मग बाईमाणूस समोर आहे म्हणून अदबीनं उठून उभे राहिले.

"तुम्ही याच ऑफिसच्या का?" ते म्हणाले. "इथे आवक-जावकचं टेबल होतं. कुठे हलवलं, काही कल्पना आहे?"

"अहो, मी आहे ना. इकडे बघा. मीच आहे."

"माझी मिसेस बसते इथे." त्यांनी मातीकडे बोट दाखवलं. "मी खाली आलो की आम्ही जातो घरी."

वहिनींनी आपल्या चेहऱ्यावरची धूळ पुसली. केस मागे सारले. लेकीचं नाव घेतलं, घरचा पत्ता सांगितला, त्यांच्या आईला त्या कोणत्या नावानं हाक मारायच्या तेही सांगितलं. दादा सगळं लक्ष देऊन ऐकत होते. चौकशीला आलेल्या माणसाचं ऐकून घ्यावं तसं.

तात्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "थांबा वहिनी," तो म्हणाला. "टेबल आणतो. त्यांना टेबल दिसलं की येईल ध्यानात." त्यानं मुकादमाला ओढून नेलं. दोघांनी टेबल उचलून आणलं, मातीत चारी पाय रोवून जिथल्या तिथे ठेवलं. खुर्ची आणली. शिक्के, पॅड, टपालाचा गठ्ठा, जसं असायचं तसं मांडलं. मजूर हातातलं काम टाकून बघत उभे राहिले.

टेबल बघून दादांचा चेहरा उजळला. ते पुढे आले, दोन बोटं टेबलावर टेकवली. वहिनी घाईघाईनं वळसा घालून खुर्चीत जाऊन बसल्या. सवयीनं हात शिक्क्यावर गेला. त्यांनी वर बघितलं आणि तो शब्द ऐकायला थांबल्या.

दादांनी त्यांच्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर अवघडल्यासारखं आलं. परक्या बाईला बोलायचं कसं, असं.

"बाई, राग मानू नका," ते हळू आवाजात म्हणाले. "पण तिथे नका बसू. ती येईल आता."

वहिनी बसून राहिल्या. मग टेबलाला धरून उठल्या, खुर्ची आत सारली, आणि दादांच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या.

"किती वेळ झाला हो तुम्हाला थांबून?" त्यांनी विचारलं.

"फार नाही," दादा म्हणाले. "तुम्ही जा, तुमच्या घरची माणसं वाट बघत असतील."

"थांबते थोडी," वहिनी म्हणाल्या, आणि दोघं त्या रिकाम्या खुर्चीकडे बघत उभे राहिले.